डोळ्यांवर चढलेला संगणक

बुधवार, ७ मार्च २०१८. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी ऑक्युलस रिफ्ट हा आभासी वास्तवाचा हेडसेट वापरायला घेतला, त्या सगळ्यांना एकच अनुभव आला. आदल्या दिवशी व्यवस्थित चालणारे यंत्र सुरूच होईना. ऑक्युलसच्या सेवेशी संपर्क होत नाही, एवढीच सूचना संगणकावर यायची. कुणी वायर काढून पुन्हा लावली, कुणी संगणक बंद करून चालू केला, कुणी सगळे सॉफ्टवेअर पुसून नव्याने टाकले. उपयोग झाला नाही, कारण बिघाड त्यांच्यापैकी कुणाच्याच घरात नव्हता.

कारण एका तारखेत होते. आपल्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर खरोखर त्याच कंपनीचे आहे, वाटेत कुणी त्यात ढवळाढवळ केलेली नाही, याची खात्री पटावी म्हणून कंपनी त्यावर डिजिटल सही करते. या सहीमागे एक प्रमाणपत्र असते आणि प्रमाणपत्राला मुदत असते. सही करताना तिची वेळ त्रयस्थ यंत्रणेकडून नोंदवून घेतली, तर मुदत संपल्यावरही सॉफ्टवेअर चालत राहते. सही मुदतीत झाली होती हे त्या नोंदीवरून कळते. रिफ्टच्या सॉफ्टवेअरमधल्या एका महत्त्वाच्या फाइलवर ही नोंद राहून गेली होती. मुदत उलटली आणि विंडोजने ती फाइल चालवायला नकार दिला. खरी पंचाईत त्यापुढची. दुरुस्तीचे अपडेटही याच सॉफ्टवेअरमार्फत यायचे, आणि तेच बंद पडलेले. शेवटी कंपनीने वेगळी दुरुस्ती तयार केली, ग्राहकांनी ती स्वतः डाउनलोड करून बसवली, आणि खेळ खोळंबलेल्यांना कंपनीने आपल्या दुकानात खर्चायला १५ डॉलर दिले.

रिफ्टच्या काचा शाबूत होत्या, सेन्सर शाबूत होते. ग्राहकाने पूर्ण किंमत मोजलेली होती; मार्च २०१६ मध्ये रिफ्ट बाजारात आला तेव्हा तो ५९९ डॉलरना होता. तरी तो चालेना, कारण त्याने चालावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाकडे नव्हताच. सहीची ही पद्धत ग्राहकाच्या रक्षणासाठी आहे आणि ती हवीच. ती नसेल तर कुणीही बनावट सॉफ्टवेअर आपल्या संगणकात घुसवील. पण रक्षणाचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडेच यंत्राचा ताबाही जातो. गेल्या पंधराएक वर्षांत घरातल्या एकेका वस्तूचे हेच झाले: आधी फोन, मग टीव्ही, मग दारावरचा कॅमेरा. आता जी वस्तू येते आहे ती खिशात किंवा भिंतीवर राहत नाही, थेट डोळ्यांवर बसते. विकत घेतलेल्या यंत्रावर ताबा कुणाचा आणि त्या यंत्राला आपल्याबद्दल काय काय कळते, हे दोन प्रश्न तिच्यापाशी येऊन एकत्र होतात. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

या यंत्राचा पूर्वज १९६८ सालचा. अमेरिकेत आयव्हन सदरलंड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोक्यावर घालायचा पहिला संगणकीय पडदा बनवला. दोन्ही डोळ्यांसाठी एकेक लहान चित्रनळी होती आणि त्यांत दिसायच्या नुसत्या रेषांनी काढलेल्या घनाकृती, समोरच्या खऱ्या खोलीत तरंगणाऱ्या. डोके कुठे वळले हे मोजण्यासाठी छतापासून खाली एक यांत्रिक दांडा सोडलेला होता आणि माणसाला त्याच्याखाली उभे राहावे लागे. चित्र अगदी ओबडधोबड होते, पण मूळ कल्पना पहिल्याच यंत्रात पूर्ण होती. माणूस वळला की दृश्यही त्याच्या मानेप्रमाणे बदलले पाहिजे. म्हणजे यंत्राला माणसाच्या मानेची बातमी सतत मिळत राहिली पाहिजे.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे या एका गरजेतून निघते. डोके हलल्यापासून नवे चित्र डोळ्यांपर्यंत पोचायला साधारण २० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, असा या क्षेत्रातला दंडक आहे. उशीर झाला की कान सांगतो शरीर वळले आणि डोळा सांगतो वळले नाही. या भांडणात माणसाला घाटातल्या एसटीत मळमळावे तसे मळमळते. म्हणून रिफ्ट सेकंदाला ९० चित्रे दाखवायचा, म्हणजे एका चित्रासाठी जेमतेम ११ मिलिसेकंद. आणि डोक्याची हालचाल त्याहून कितीतरी अधिक वेळा मोजायचा. फोनमधले लोकेशन बंद करता येते, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कागद चिकटवता येतो. हेडसेटमधले शरीराचे मोजमाप बंद केले तर हेडसेटच उरत नाही.

सदरलंडनंतर चाळीसेक वर्षे हे यंत्र प्रयोगशाळांत, लष्करी सरावात आणि फसलेल्या खेळण्यांत अडकून राहिले. त्याला बाहेर काढले ते मोबाइल फोनने. फोनमुळे लहान, रेखीव पडदे आणि हालचाल मोजणारे सेन्सर कोट्यवधींनी तयार होऊ लागले आणि स्वस्त झाले. पामर लकी या १९ वर्षांच्या कॅलिफोर्नियातल्या मुलाने हेच भाग जोडून रिफ्टचे नमुने बनवले. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच्या ऑक्युलस कंपनीने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर अडीच लाख डॉलर मागितले. जमले सुमारे २४ लाख. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी गूगलने पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला: दोन भिंगे, एक घडी घातलेला खोका आणि आत आपलाच फोन. भारतातही तसले खोके काही शे रुपयांना मिळू लागले आणि असंख्य घरांत आभासी वास्तवाची पहिली ओळख त्यातून झाली. चव कळण्यापुरताच तो प्रकार होता. मान वळलेली त्याला कळे, पण माणूस पुढे वाकला किंवा हात उचलला तर कळत नसे.

खरा बदल मे २०१९ मधल्या ऑक्युलस क्वेस्टने केला. त्याला संगणक लागत नव्हता, खोलीत वेगळे सेन्सर बसवावे लागत नव्हते. हेडसेटवरच चार कॅमेरे होते आणि ते बाहेर बघत. भिंत कुठे, सोफा कुठे, हात कुठे, हे सगळे ते कॅमेरे टिपत आणि आतला संगणक त्यावरून माणसाची जागा ठरवत राही. तांत्रिकदृष्ट्या हे अतिशय देखणे काम आहे आणि ते करणाऱ्या अभियंत्यांबद्दल आदर वाटावा असेच आहे. पण त्यामुळे आजवर स्वतःच्या मालकाकडे पाहणारे यंत्र त्याच्या घराकडेही पाहू लागले.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, २९९ डॉलरचा क्वेस्ट २ आला आणि त्यासोबत अटही आली: नव्या ग्राहकाला फेसबुकचे खाते हवेच. कुणाचे खाते कुठल्याही कारणाने निलंबित झाले, की घरातला हेडसेट आणि पैसे देऊन घेतलेले खेळ दोन्ही अडकून पडत. जर्मनीतली विक्री फेसबुकने आधीच थांबवली होती. तिथल्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये या सक्तीची चौकशी सुरू केली. तोवर जगभरातून ओरड सुरू होतीच. अखेर ऑगस्ट २०२२ पासून कंपनीने फेसबुकविना चालणारे वेगळे खाते दिले आणि वर्षअखेरीस जर्मनीतली विक्री पुन्हा सुरू झाली. एका देशातली एक संस्था ठाम राहिली की काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आपल्याकडच्या ग्राहक चळवळीने लक्षात ठेवावे असे आहे.

आता त्या मोजमापाकडे पाहू. स्टॅनफर्डमधले प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला, की हेडसेटमध्ये वीस मिनिटे घालवली की देहबोलीच्या जवळपास २० लाख नोंदी तयार होतात. २०२० मध्ये त्यांच्या गटाने ५११ माणसांवर प्रयोग केला. त्यांना काही चित्रफिती दाखवल्या आणि डोके व हात कसे हलले एवढेच टिपले. पाच मिनिटांहूनही कमी नोंदींवरून संगणकाने ९५ टक्के वेळा माणूस बरोबर ओळखला. त्यांत कुणाचा चेहरा, आवाज किंवा नाव नव्हते.

५११ माणसांत एकाला ओळखणे फारसे अवघड नाही, असा आक्षेप कुणी घेईल. त्याला उत्तर २०२३ मध्ये बर्कलीहून आले. बीट सेबर नावाचा लोकप्रिय खेळ आहे. त्यात संगीताच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे दोन्ही हातांतल्या आभासी तलवारींनी कापायचे. खेळाडू आपल्या डावांच्या नोंदी इंटरनेटवर उघडपणे ठेवतात, जसे बुद्धिबळाचे डाव ठेवतात. विवेक नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५५ हजारांहून अधिक खेळाडूंच्या नोंदी घेतल्या. प्रत्येकाच्या पाच मिनिटांच्या खेळावरून संगणकाला शिकवले आणि मग विचारले, की हा नवा तुकडा कुणाचा? शंभर सेकंदांचा तुकडा मिळाला तर ९४ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर उत्तर आले. केवळ दहा सेकंदांत ७३ टक्के.

यात जादू काही नाही. उंची, हाताची लांबी, खांद्यांची रुंदी ही हाडामांसाची मापे डोके आणि दोन हात कुठे आहेत यावरून सहज निघतात. त्यात हात फिरवण्याची लकब मिसळली की माणूस वेगळा ओळखू येतो, जसा अंधारातही जिन्यावरच्या पावलांवरून घरातला माणूस ओळखू येतो. त्यातली अडचण मात्र गंभीर आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. डेबिट कार्ड बँक रद्द करून नवे देते. हाताची लांबी कोण बदलून देणार? शिवाय हेडसेट एखाद्या खेळाच्या किंवा सभेच्या सर्व्हरला ही हालचाल पाठवल्याशिवाय दुसऱ्या टोकाच्या माणसाला आपली आकृती दिसणारच नाही. म्हणजे ही माहिती गळत नाही. ती पाठवावीच लागते.

हेडसेटवरच्या हल्ल्यांच्या बाबतीत आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे संशोधकांनी स्वतः करून दाखवलेली आहेत, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. न्यू हेवन विद्यापीठातल्या इब्राहिम बगिली यांच्या गटाने दाखवले, की आभासी खोली गुपचूप सरकवत डोळे झाकलेल्या खेळाडूला खऱ्या खोलीत हव्या त्या जागी चालवत नेता येते. जिना किंवा गॅलरी जवळ असेल तर काय होईल, हे सांगायला नको. याच गटाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बिगस्क्रीन या ॲपमधले छिद्र उघड केले. लोक त्यात आभासी खोल्यांत एकत्र बसून चित्रपट पाहत, कामाच्या बैठका घेत. हल्लेखोर अशा खोलीत अदृश्य होऊन शिरू शकत होता, बोलणे ऐकू शकत होता, समोरच्याचा संगणकाचा पडदा पाहू शकत होता. कंपनीने ते छिद्र बुजवले.

ॲपलच्या व्हिजन प्रोबद्दलचे प्रकरण अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरना आलेल्या या हेडसेटमध्ये माउस नाही. नजर जिथे जाते तिथे निवड होते आणि दोन बोटांच्या चिमटीने ती पक्की होते. आभासी कळफलकावरही नजरेनेच टंकता येते. ॲपलने एक गोष्ट चांगली केली: नजर कुठे फिरते आहे हे ॲपना सांगायचेच नाही, फक्त चिमूट झाल्यावर निवड काय झाली तेवढे सांगायचे. म्हणजे पुढचे दार नीट बंद होते. पण व्हिडिओ कॉलसाठी त्यात माणसाचा एक आभासी चेहरा असतो आणि त्या चेहऱ्याचे डोळे खऱ्या डोळ्यांप्रमाणे हलतात. फ्लोरिडा विद्यापीठ आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी त्या आभासी डोळ्यांकडेच पाहायचे ठरवले. टंकताना माणसाच्या पापण्या कमी लवतात आणि नजर ठरावीक उड्या मारते. तेवढ्यावरून त्यांनी टंकन केव्हा सुरू झाले हे ओळखले आणि कोणती अक्षरे टंकली असतील याचे अंदाज बांधले. पाच अंदाजांची मुभा असेल तर पासवर्डमधली अक्षरे तीनचतुर्थांशाहून अधिक वेळा बरोबर येत. ॲपलला त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये कळवले, जुलैमध्ये दुरुस्ती आली: कळफलक उघडा असताना आभासी चेहरा आता थांबतो. संशोधकांनी आधी कळवायचे, कंपनीने दुरुस्त करायचे आणि मगच जगाला सांगायचे, ही रीत इथे नीट पाळली गेली.

अशा दुरुस्त्या घरोघरी पोचतात त्या अपडेटच्या वाटेने. ती वाट किती मोलाची आणि किती नाजूक आहे, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा हल्ला युक्रेनमधून सुटला. तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी विष मिसळले होते. काही तासांत तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरातल्या संगणकांत पसरला आणि न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. कंटेनरांची नोंद ठेवणारे संगणक गेल्यावर हाताने काम करायची वेळ आली, बाहेर ट्रकांची गर्दी साचू लागली. उरणच्या रस्त्यावर खोळंबलेल्या ड्रायव्हरचा युक्रेनच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी काय संबंध? तरी त्याचा दिवस बुडाला. मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

याच हल्ल्याची दुसरी बाजूही आहे. तो आतल्या आत पसरायला विंडोजमधल्या ज्या छिद्राची मदत झाली, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा हल्ला त्याच छिद्रातून जगभर शिरला होता. म्हणजे अपडेटची वाट दूषित झाली तरी घात होतो आणि ती वेळेवर वापरली नाही तरी घात होतो. अपडेट बंद ठेवा, असा सल्ला काही हौशी तंत्रज्ञ देतात. तो धोकादायक आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आणि अपडेट यायचेच थांबले तर? हेडसेटच्या जगात हा प्रश्न फार लवकर आला. २०१७ पासून अनेक कंपन्यांनी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर चालणारे हेडसेट विकले. एचपीचा रिव्हर्ब जी२ तर २०२० मध्ये आला, तोही ५९९ डॉलरना. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली गुंडाळत असल्याचे सांगितले आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या मोठ्या अपडेटमधून ती काढूनच टाकली. ज्याने आज्ञाधारकपणे अपडेट घेतले, त्याचा चार वर्षांचा धडधाकट हेडसेट चालेनासा झाला. सुरक्षित संगणक हवा की चालता हेडसेट, अशी निवड ग्राहकापुढे ठेवणे अन्यायाचे आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

याच्या उलट एक उदाहरण आहे आणि ते आवर्जून सांगायला हवे. ऑक्युलस गो हा स्वस्त हेडसेट २०१८ मध्ये आला आणि दोन वर्षांत त्याची विक्री बंद करण्याचे ठरले. जॉन कारमॅक या नामांकित अभियंत्याने कंपनीच्या आत बराच काळ एक मागणी लावून धरली होती: आपण पाठबळ काढतो आहोत, तर निदान यंत्राचे कुलूप तरी काढा. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने गोसाठी तसे खुले सॉफ्टवेअर दिले. आता त्या यंत्रावर मालकाला हवे ते बसवता येते. उद्या कंपनीचे सर्व्हर बंद पडले तरी ते नव्याने उभे करता येते. म्हणजे हे अशक्य नाही. एकदा झालेले आहे.

कायदे हळूहळू इकडे वळत आहेत. कारखान्यातून सर्व यंत्रांना एकच पासवर्ड देऊन विकलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर २०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने लाखोंनी ताब्यात घेतले होते. ६२ ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या त्याला पुरल्या. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे ठरावीक पासवर्ड बेकायदा आहेत, आणि सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील हे विक्रेत्याला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाचा नवा कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होईल. त्यात पाठबळाचा काळ सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांचा धरला आहे. भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी २०२५ पासून सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली. हेडसेट किंवा घरातल्या इतर यंत्रांच्या खोक्यावर अपडेटची शेवटची तारीख छापा, असे मात्र आपला कायदा अजून म्हणत नाही. औषधाच्या पाकिटावर, दुधाच्या पिशवीवर तारीख लागते. पन्नास हजारांच्या यंत्रावर ती मागायला संकोच कशाला?

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा आपला कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक, अशी त्याची व्याख्या आहे. बर्कलीचा प्रयोग पाहता हालचालींच्या नोंदी त्या व्याख्येत बसायलाच हव्यात. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती कायद्याने मागितली आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. नियमांत शिक्षणसंस्थांना मात्र शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती सवलत आहे. मेटाने, म्हणजे पूर्वीच्या फेसबुक कंपनीने, २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली दहा वर्षांच्या मुलांनाही क्वेस्टचे दार उघडले. हृदयाची रचना, ज्वालामुखीचे पोट, रायगडाची बांधणी हेडसेटमधून दाखवता येते आणि ती पाहून मुले हरखून जातात. त्यात वावगे काही नाही. पण कायद्याची सवलत असल्यामुळे इथे शाळेनेच विचारायला हवे, तिच्या वतीने दुसरे कुणी विचारणार नाही. म्हणून संस्थाचालकांनी आणि मुख्याध्यापकांनी खरेदीच्या पत्रात चार गोष्टी लेखी मागाव्यात: सुरक्षेचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत येतील, मुलाच्या नावाचे खाते न काढता यंत्र चालेल का, नजरेच्या आणि हालचालींच्या नोंदी यंत्रातच पुसल्या जातात की बाहेर जातात (आणि जात असतील तर कुणाकडे), आणि पाठबळ संपल्यावर कुलूप काढून मिळेल का. विक्रेत्याचा प्रतिनिधी यातल्या एखाद्या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊ लागला, तर त्याला ते कंपनीच्या कागदावर आणायला सांगावे आणि तोवर मागणी रोखून धरावी.